खातं गुरुवारी बंद

बाकीचे मालक कारागीर वेळेवर येत नाही म्हणून शिव्या देत. सुकलालआबा पाटील तो वेळेवर जात नाही म्हणून देत. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला, की आबा कोपऱ्यातला खराटा उचलत, मागांच्या रांगेत शिरत आणि अंगणातून कोंबड्या हाकाव्यात तसे आपल्याच कारागिरांना दाराकडे हाकत. कुणी म्हणालं, आबा, एवढा कापडाचा ताका उतरवतो आणि निघतो, तर खराटा सरळ त्याच्या पायावर. वर त्यांचं ठरलेलं वाक्य.

"घर जाय भो. कोनी वाट दखी राहिनं व्हई."

म्हणजे घरी जा बाबा, कुणीतरी वाट पाहत असेल. आबांची अहिराणी मला परभणीकडच्या माणसाला सुरुवातीला अर्धीच कळायची, पण हे वाक्य मला पहिल्या आठवड्यात पाठ झालं.

सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. उधन्याच्या पुढे, डिंडोलीच्या वाटेवर पत्र्याच्या छपरांची अशी खाती एकमेकांना खेटून उभी होती आणि मी त्यातल्या तीन-चार खात्यांचा मेहता होतो. मेहता म्हणजे कारकून. हजेरी लिहायची, ताके मोजायचे, पगार करायचा आणि सरकारी साहेब आला तर त्याला चहा पाजून दारातच थोपवून धरायचं. त्या वर्षांत सुरतेत कोणी बसलेलं दिसत नसे. माग रात्रंदिवस चालायचे. सकाळी सातला दिवसपाळी आत जायची, संध्याकाळी सातला बाहेर पडायची, की रात्रपाळी आत. गल्लीतली जमीनसुद्धा सारखी थरथरत असायची. टपरीवर चहाचा कप ठेवून बिडी पेटवावी, तोवर कप दोन बोटं सरकलेला असायचा.

कायदा होता, नव्हता असं नाही. पाळी किती तासांची, जेवायला कधी सोडणार, आठवड्याची सुट्टी कोणती, हे सगळं फळ्यावर लिहून दाराशी लावायचं. फळ्यात बदल करायचा तर आधी कळवायचं. ठरल्यापेक्षा जास्त काम घेतलं तर तेवढ्या वेळेचा दुप्पट दर द्यायचा. मला हे सगळं तोंडपाठ होतं, कारण ते चुकवायचं कसं, यावरच माझं पोट होतं. आबांच्या शेजारी रमणशेठचं खातं होतं. त्यांच्या एका छपराखाली चार कारखाने. एक त्यांच्या नावाचा, एक बायकोच्या, एक आईच्या आणि चौथा, देवाशपथ सांगतो, रांगणाऱ्या नातवाच्या. मध्ये भिंत नाही, नुसती खडूची रेघ. कायदा दहा माणसांपासून पुढे लागतो, म्हणून प्रत्येक रेघेच्या आत माणसं नऊ. पावसाळ्यात रेघ पुसली जाई, ती मी पुन्हा मारत असे.

आबांनी रेघ मारली नाही. शिंदखेड्याकडून तरुणपणी आलेला हा माणूस वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मागांवर राबला, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. मग भंगारातले माग एकेक करून घेत, दुरुस्त करत त्याने बारा मागांचं खातं उभं केलं. दुसरा कोणी असता तर पहिल्या नफ्यात त्याने स्कूटर घेतली असती. आबांनी बंद पडलेल्या मिलच्या सामानातून एक भोंगा आणला. भोंगा मिलचा आणि खातं बारा मागांचं, म्हणजे पायलीच्या भांड्यात चिमूटभर तांदूळ. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा गल्लीतल्या म्हशींनी दावी तोडली होती. पुढे मात्र डिंडोलीतल्या बायका त्यावर भाताचा कुकर लावू लागल्या. प्लेगच्या वर्षी अर्धं सुरत गावाकडे पळालं, खाती ओस पडली, तरी आबा रोज ठरल्या वेळी भोंगा वाजवत राहिले. आत चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, आबा, कुणासाठी वाजवता? ते म्हणाले, "सवय मोडाले नको."

भोंग्याखाली फळा. पेंटरकडून मराठीत आणि गुजरातीत रंगवून घेतलेला. दोन पाळ्या, आठ-आठ तासांच्या. जेवणाची सुट्टी. चहाची सुट्टी. आणि सगळ्यात खाली लाल अक्षरात: खातं गुरुवारी बंद. एकदा उन्हाळ्यात कारागीर म्हणाले, चहाची सुट्टी पाव तास आधी करा. आबांनी अर्ज केला, उत्तराची वाट पाहिली, पेंटरला बोलावलं. नवी वेळ फळ्यावर चढली तेव्हा बाहेर श्रावणसरी चालल्या होत्या आणि कारागिरांना जुनीच वेळ बरी वाटू लागली होती.

ठरल्या वेळेपलीकडे काम झालं तर आबा दुप्पट दर देत, पण देताना त्यांचा जीव असा वरखाली होई की बघवत नसे. बीम, म्हणजे सुताचा रूळ, संपत आलं म्हणून कधी एखादा कारागीर अर्धा तास थांबला, तर आबा त्याच्या मागाभोवती घिरट्या घालत. एकदा घड्याळाकडे, एकदा धोट्याकडे. तसं ते एरवीही कुठे एका जागी टेकत नसत. चहा उभ्याने, जेवण फेऱ्या मारत. देवळात कीर्तनाला गेले तरी खांबाला टेकून उभे, आणि एक पाय मागाच्या ठेक्यावर हलतोय. रमणशेठ त्यांना बघून कपाळाला हात लावायचे. "आबा, तमे धंधो करो छो के धर्मशाळा चलावो छो?" आबा हसून मान हलवत. हसून अशासाठी, की त्यांना निम्मं ऐकू आलेलं नसे.

हे सांगायचं राहिलं. मागांच्या खडखडाटाने आबांचे कान गेले होते. अगदी ठार बहिरे नव्हते. भोंगा ऐकू येई, रमणशेठची आरडाओरड येई, माणूस समोर असला तर ओठांवरून बरंच कळे. पण हळू बोललेलं सगळं वाया. खात्यात तर कोणालाच काही ऐकू येत नाही, तिथे सगळा कारभार हातवाऱ्यांवर. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. आबांची एक खास खूण होती. दोन्ही हातांची बोटं डोक्यावर जुळवून छप्पर करायचं. म्हणजे घर, म्हणजे निघ आता. खराट्याच्या आधी ही खूण व्हायची.

एकदा फॅक्टरी इन्स्पेक्टरांची जीप गल्लीच्या तोंडाशी दिसली. अशा वेळी टपरीवाला शिट्टी मारायचा आणि जिथे जिथे जास्तीची माणसं असत, तिथून ती पसार होत. त्या दिवशी मागचा रस्ता खणलेला होता. जायचं कुठे? रमणशेठचे सगळे कारागीर भिंतीवरून उड्या मारून आबांच्या खात्यात उतरले. विचार बरोबर होता. सगळ्या गल्लीत कायद्याला न भिणारी जागा ती एकच. परिणाम असा झाला की साहेब रमणशेठकडे गेले तर तिथे सगळं शांत, देवघरासारखं. आणि आबांकडे आले तर बारा मागांच्या खात्यात जत्रा. मागांमध्ये, बीमांवर, पाण्याच्या माठापाशी घामाघूम माणसं टाचा वर करून बसलेली.

साहेबांनी विचारलं, हे कोण? आबांनी उभ्या आयुष्यात खोटं लिहिलं नव्हतं. मी खाली पाहिलं. आबा म्हणाले, "पाव्हना शेतस साहेब."

"इतके पाहुणे?"

"लग्नसरा शे."

साहेब बराच वेळ फळ्याकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी चहा घेतला आणि शेऱ्यात लिहिलं, की भिंतींना चुना कधी मारला त्याची तारीख फळ्यावर आढळली नाही. सगळ्या गल्लीत त्या दिवशी चूक नोंदली गेली ती एकट्या आबांची. दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः चुना मारला आणि तारीख इतकी मोठी लिहिली की ती रस्त्यावरून वाचता येई.

डिंडोलीत आबांचं घर आमच्या घराला लागून होतं. पुढची खोली, मागे स्वयंपाकघर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, छाया. ती लग्न होऊन कडोदऱ्याला गेलेली. गुरुवारच्या सुट्टीचं गुपित तिच्यात होतं. तिच्या सासूचा गुरुवारी उपास, त्यामुळे स्वयंपाक लवकर आटपे आणि ती दुपारच्या बसने बापाकडे येऊ शके. गल्लीतले लोक म्हणत, आबा फार देवभोळे, गुरुवार पाळतात. पाळत होते ते लेकीची बस.

पण ती यायची आणि काय व्हायचं? छाया कुजबुजत बोलायची. लाजाळू होती म्हणून नाही. ती लहान असताना हे तिघं एका खोलीत राहत आणि आबा रात्रपाळीला. म्हणजे दिवसभर बाप खोलीत झोपलेला आणि पोरीने आवाज केला, की आई तोंडावर बोट ठेवणार. पोरगी बोलायला शिकली तीच कुजबुजायला शिकली. तोंडासमोर हात धरायचा, आता पदर, आणि त्याच्या आडून बोलायचं. त्यामुळे ओठही दिसत नसत. रात्रपाळीने बापाचे कान नेले आणि लेकीचा आवाज नेला, आणि दोघं दर गुरुवारी समोरासमोर येत.

एकदा मी तिथेच होतो. छाया पदराआडून म्हणाली, आबा, दूध उतू चाललंय. आबा प्रेमाने म्हणाले, "बरं शे, बरं शे." ती पुन्हा म्हणाली. आबांनी मान डोलावून विचारलं, सासू बरी शे ना? तोवर दूध चुलीवरून खाली. माझी बायको म्हणते, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी हसलो होतो. आबाही हसले होते, छायासुद्धा, पदरात तोंड खुपसून. मी तिला म्हटलं, अगं, जरा मोठ्याने बोल की. तिने प्रयत्न केला. पण त्या घरात तिचा हातच आपोआप तोंडावर जायचा.

मग लग्नसराई आली आणि आबांचं खातं बुडायची वेळ आली.

साड्यांच्या कापडाची मागणी इतकी वाढली की व्यापारी मिळेल ते उचलत होते. बाकीची खाती आठवड्याचे सातही दिवस चालू. आबांचे कारागीर मात्र आठ तासांनी बाहेर. आबांचा मीटरचा दर इतरांपेक्षा वरचा होता, तरीही आठ तास ते आठ तास आणि बारा तास ते बारा तास. गावाकडे पैसे पाठवायचे असतात. काही जण गुपचूप रमणशेठकडे अर्धी पाळी करू लागले. आबांना संशय आला. ते घरून आपली लूना काढून आले आणि थेट रमणशेठच्या खात्यात घुसून त्यांनी भगवान नावाच्या आपल्या सगळ्यात हुशार कारागिराला चालू मागावरून दंडाला धरून बाहेर काढला. रमणशेठ लाल झाले. आबा त्यांना समजावत होते, की या माणसाचा आजचा दिवस मी वापरला आहे, तो उरलेला नाही, तुम्हाला कसा मिळेल? हे त्यांना अगदी साधं वाटत होतं. चोरी धरावी तसं ते बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सगळे कारागीर एकत्र आले. भगवान पुढे. बारा तास चालवा, नाहीतर आम्ही सगळे रमणशेठकडे जातो. आबा म्हणाले, नाही चालवणार. ते म्हणाले, मग चाललो. आबांना शनिवारपर्यंतची मुदत. एवढे कसलेले हात गेले तर बारा माग भंगारातून आले तसे भंगारात जाणार, हे आबांनाही कळत होतं आणि मलाही. मला तर आबांचा राग आला होता. मी म्हटलं, रेघ मारा, आबा. मी मारून देतो. एका संध्याकाळचं काम. आबांनी ऐकलं नाही, म्हणजे ऐकू आलं, पण ऐकलं नाही.

आणि त्याच दुपारी एक मजा झाली. भोंगा झाला, आबांनी खराट्याने सगळ्यांना बाहेर काढलं, आणि बाहेर पाहतात तो कारागीर ओट्यावर बसलेले. रोजच बसत, पण आबा तेव्हा आत दुसऱ्या पाळीच्या मागे असत. आबा खराटा घेऊन ओट्यावर धावले. घर जाय, घर जाय. भगवान उठला नाही.

"आबा, आमनी गोधडीवर दुसरा झोपेल शे. आम्ही कोठे जावो?"

मला हे माहीत होतं. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं. कारागिरांच्या खोल्या पाळ्यांवर चालत. एकाच गोधडीवर दिवसा रात्रपाळीवाला आणि रात्री दिवसपाळीवाला. भाडंही गोधडीचं. सगळी सुरत बारा-बाराच्या हिशेबाने झोपत होती. आबांची पाळी सुटली तेव्हा यांच्या जागेवर रमणशेठचा रात्रपाळीवाला घोरत असे, तो सातशिवाय उठणार नाही. मधले तास काढायचे कुठे? उन्हात ओट्यावर बसण्यापेक्षा मागाशी उभं राहिलेलं बरं, निदान त्याचे पैसे तरी मिळतात. आबा एवढी वर्षं दुसऱ्यांना घरी हाकलत होते आणि त्यांनी हाकललेली माणसं घराच्या दाराशी जाऊन परत फिरत होती.

आबा खराटा टेकून ओट्यावर बसले. मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. फार वेळ नाही, पण बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पुढच्या खोलीतला पलंग बाहेर काढून विकला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चटया अंथरल्या. पहिली पाळी सुटली, की कारागीर भोंग्याबरोबर निघत ते थेट आबांच्या घरी. आंघोळ, चहा आणि आडवे. उशाला माठ, वर पंखा. शनिवार आला आणि गेला. भगवान हलला नाही, त्यामुळे कोणीच हलला नाही. मी आबांना चिडवलं, हे कुठल्या कलमात बसतं? आबा गंभीर झाले.

"कायदामा सुट्टी लिखेल शे. सुट्टी लिसन जावो कोठे, हाई कोनी लिखं नही."

खातं वाचलं. पण गुरुवार गेला. सुट्टीच्या दिवशी तर खोली जास्तच भरलेली. आठवड्याची झोप काढायला आलेली माणसं, कुणाचा हात कुणाच्या तोंडावर. छाया आली ती पाय उचलून, त्यांच्यामधून वाट काढत स्वयंपाकघरात. पुन्हा तीच खोली. दिवसा झोपलेले पुरुष आणि आवाज करायचा नाही. आधीच कुजबुज, ती आता निव्वळ ओठांची हालचाल झाली, तीही पदराआड. माझी बायको भाजी द्यायला गेली होती, मी तिच्यामागे. छाया आबांना सांगत होती, की आबा, आता मी दर गुरुवारी नाही येणार. सासूबाई कुरकुरतात, बसला पैसे पडतात, आणि इथे येऊन आपण बोलतो तरी काय? दिवाळीला येईन.

आबा म्हणाले, "बरं शे, बरं शे." आणि तिच्या ताटलीत आणखी चिवडा घातला.

छायाने आमच्याकडे पाहिलं. माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती बसला गेल्यावर मी आबांना बाहेर नळापाशी नेलं आणि कानाशी तोंड नेऊन, ती काय म्हणाली ते सांगितलं. मला तो क्षण अजून आवडत नाही. आबांनी बादली भरून घेतली, नळ बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. मी म्हटलं, गुरुवारी तेवढं या लोकांना बाहेर काढा. एक दिवस कुठेही जातील. आबांनी मान हलवली. सुट्टीच्या दिवशी माणसाला झोपेतून उठवायचं? ते त्यांच्याने होणार नव्हतं. आणि काढलं असतं तर पुढच्या सोमवारी ती माणसं रमणशेठच्या मागांवर दिसली असती, हेही खरं.

त्यापुढच्या गुरुवारी मी आबांना पाहिलं. घरात झोपलेली माणसं, म्हणून बाहेर. खातं बंद, म्हणून रस्त्यावर. लूना काढत, टपरीपर्यंत जात, परत येत. बसच्या वेळी थांब्यापाशी उभे राहिले. बस आली, गेली. संध्याकाळपर्यंत त्यांनी डिंडोलीच्या इतक्या चकरा मारल्या की कुत्र्यांनी भुंकायचं सोडून दिलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मी रमणशेठच्या खात्यात पगार करत होतो. शेठ हसत हसत आले. "मेहताजी, आजे गुरुवार छे ने? जाव, जुओ, आबानुं एक मशीन चाले छे. छेवटे लाइन पर आव्या."

मी बाहेर येऊन कान दिला. खरंच. आबांच्या खात्यातून एका मागाचा आवाज येत होता. मला इतका राग आला की मी चपला घालायचं विसरलो. आयुष्यभर मी रेघा मारत आलो. कोणीतरी एक जण मारत नाही, याचं मला मनातून किती बरं वाटत होतं, ते तेव्हा कळलं. सुट्टीच्या दिवशी कुणाला तरी चोरून मागावर उभं केलं असणार. भगवान असेल. की कुणी नवा? फळ्यावर लाल अक्षरं तशीच होती, खातं गुरुवारी बंद, आणि फळ्याखाली लूना उभी. दाराशी बायकी चपलांचा एक जोड.

दार लोटलं. अकरा माग स्तब्ध आणि बारावा चालू. मागावर आबा स्वतः. समोर, दोन हातांवर, पालथ्या घातलेल्या डब्यावर छाया बसली होती. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात मोकळे. आणि ती ओरडत होती. चालू मागाजवळ कुजबुजून कोणाचं चालतं? तिथे माणूस शिरला, की न सांगता ओरडायलाच लागतो. गळ्याच्या शिरा ताणून, मान वर करून, छाया बापाशी बोलत होती आणि आबा धोट्याकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आबा, तिसरीमा मना पहिला नंबर उना व्हता. माय बोलनी, बाप झोपेल शे, संध्याकायले सांग. संध्याकायले तू खाताले चालना गया."

"मंग?" आबांनीही ओरडून विचारलं. "पेढा कोठे शे?"

छाया हसली. मी तिचं हसू तोवर फक्त पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं. मग तिने पुढचं सुरू केलं. मांजरीची पिल्लं कुठे लपवली होती, शाळेत कुणी वेणी ओढली होती, तिला शिंदखेड्याच्या यात्रेत कोणती बांगडी हवी होती. सगळं शिळं, वीस वर्षांपूर्वीचं. आबा प्रत्येक गोष्टीला अशी दाद देत होते की ती आज सकाळी घडली असावी. मांजरीच्या पिल्लांवर तर त्यांनी मागाला टाळी दिली.

त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी बाहेरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. चिडवायचं होतं, पण बोट नीट वर गेलं नाही. आबांनी चोरी पकडल्यासारखं तोंड केलं आणि माझ्याजवळ येऊन ओरडले, की छायाला कडोदऱ्याहून लूनावर मीच आणली, कारागीर एकही नाही, मालकाला हा कायदा लागत नाही, पाहिजे तर पुस्तक काढून बघ. मग आणखी जवळ सरकले.

"सुट्टीना दिन काम करं तं डबल भेटस ना? तूच लिखस ना तसं?"

मी हो म्हटलं.

"माले भेटी राहिनं."

एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, बोटं जुळवली आणि मला घराची खूण केली. मी दार ओढून घेतलं. रमणशेठ गल्लीत उभेच होते. काय म्हणतात आबा, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एक माग दुरुस्तीला काढलाय. आणि त्यांच्या पगाराचं काम अर्धवट सोडून, अनवाणी, उन्हातून घरी गेलो. भर दुपारी मला दारात पाहून बायको घाबरली, तिला वाटलं बरं नाही.